मला न आलेली फिट

१५ मार्च, रविवार. सकाळी गच्चीवर बसून वर्षभराच्या तिखटाच्या मिरच्यांचे देठ काढत होते. नाकातोंडाला ओढणी गुंडाळलेली, बोटांची आग होत होती आणि समोर अजून अर्धं पोतं पडलं होतं. तेवढ्यात जिन्यातून मुलीची हाक आली, "आई, आजी आलीये."

मला वाटलं, शेजारच्यांची कुणीतरी असेल. आमच्या घरची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, बीडकडे गावी असतात आणि न बोलावता कधी येत नाहीत. बोलावलं तरी आधी दोनदा नाही म्हणतात, मग येतात. पण त्याच होत्या. रात्रभर एसटीत बसून भोसरीला उतरलेल्या, तरी तीन मजले चढून थेट गच्चीवर आल्या. माझ्या गुंडाळलेल्या तोंडाकडे आणि लाल डोळ्यांकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं. हातातल्या पिशवीतून कांदा काढला, फरशीवर ठेवून बुक्कीनं फोडला, माझी ओढणी खाली ओढली आणि तो कांदा माझ्या नाकाला लावला.

नाकात मिरची आधीच गेलेली, त्यात हा कांदा. मी इतक्या शिंका दिल्या की खालच्या मजल्यावरची भाभी खिडकीतून डोकावली.

"शिंकली," सासूबाई मुलीला म्हणाल्या. "म्हंजे शुद्धीवर हाय."

"आत्याबाई, काय झालंय?" मी विचारलं. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात.

"मला इचारतीस व्हय? तुला काय झालं ते तू सांग. न्हाई, तू तरी कशी सांगशील. तुला काय आठवणार हाय."

हे काय चाललं होतं ते समजायला दोन दिवस मागे, शुक्रवारी जावं लागेल.

चाकणच्या एका कंपनीच्या गोडाऊनमध्ये मी फोर्कलिफ्ट चालवते. ट्रकमधून आलेले सुट्या भागांचे पॅलेट, म्हणजे माल रचलेले लाकडी पाट, उचलायचे, रॅकवर चढवायचे आणि लाइनला लागतील तसे खाली उतरवायचे. आमच्या गोडाऊनमध्ये या गाडीवर बसणारी बाई मी एकटीच. आधी कितीतरी वर्षं पॅकिंगच्या टेबलावर उभं राहून खोक्यांना टेप लावली. मग कंपनीनं गाडी शिकायला नावं मागितली, मी दिलं, शिकले, पास झाले. ती सीट मला आवडते. उंचावर बसायला मिळतं, कुणी मध्ये बोलत नाही, आणि हॉर्न वाजवला की माणसं बाजूला होतात. घरात अशी सोय नाही.

गाडी चालवणाऱ्यांची दर वर्षी तपासणी होते आणि डॉक्टरांनी 'फिट' असं लिहून दिलं तरच सीटवर बसता येतं. आतापर्यंत मी आत जायचे, बाहेर यायचे आणि चहा प्यायचे. या वेळी डॉक्टरीणबाई नवीन होत्या. त्यांनी दंडाला पट्टा लावला, आकडा पाहिला, पट्टा काढला, परत लावला.

"झोप किती होते?"

"तुकडे जोडले तर बरीच होते."

"चहा?"

"कोणी विचारेल तेव्हा."

"लोणचं, पापड, ठेचा?"

"रोजच. त्याशिवाय जेवण कसलं?"

"काही टेन्शन आहे का?"

"मला कसलं टेन्शन? मी देते लोकांना."

त्या हसल्या नाहीत. बीपीचा वरचा आकडा दीडशेच्या पलीकडे होता. दोन्ही वेळेला. "आज मी फिट लिहू शकत नाही," त्या म्हणाल्या. "वरच्या रॅकवर माल चढवताना चक्कर आली तर तुम्ही जाल आणि खाली उभा असेल तोही जाईल. महिनाभर गाडी बंद. मीठ कमी, झोप सलग, रोज अर्धा तास चालणं, दर दोन दिवसांनी मोजायचं. महिन्यानं परत बघू आणि गोळीचं तेव्हा ठरवू. मध्येच छातीत दुखलं, डोकं जड झालं, नजर अंधुक झाली तर मात्र महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा."

मी पॅकिंगच्या टेबलावर परत आले. तीच टेप, तीच खोकी. सुपरवायझर मायेनं म्हणाला, "ताई, आता इथंच राहा की कायम. सावलीतलं काम. तुमच्या वयाला बरं." महिन्यानंही आकडा उतरला नाही तर माझी सीट गेली, हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. माझ्या गाडीवर चाकणचाच एक गडी बसला, सहा फुटी. जाता-येता मला ऐकवायचा, "ताई, सीट लय पुढं घेतलीया तुमी. गुडघं हनुवटीला लागत्यात माझं. मागं सारली बरं का."

"सारा," मी म्हणाले. "महिनाभरच आहे."

संध्याकाळी नवऱ्यानं गावी आईला नेहमीचा फोन लावला. तो भोसरीतच एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो. गल्लीत रेंज अशी की माणूस गॅलरीच्या एका कोपऱ्यात वाकून उभा राहिला तरच बोलणं होतं. तो म्हणाला, "कंपनीत तिचं फिटचं काही आलं नाही, म्हणून गाडीवरून उतरवलं." पलीकडे ऐकू गेलं ते असं : "कंपनीत तिला फिट आली, म्हणून गाडीवरून उतरवलं." शब्द जवळपास सगळे त्याचेच होते. गावी आणि आमच्याकडेही फिट म्हणजे झटका. माणूस पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. आणि त्यावर गावी एकच उपाय, कांदा नाहीतर चप्पल नाकाला लावायची. आत्याबाई कांदा घेऊन आल्या हे माझं नशीब.

रविवारी गच्चीवर मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. बीपी म्हणजे काय, फिट म्हणजे काय, कंपनीचं फिट म्हणजे काय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या पुढ्यातलं मिरच्यांचं पोतं स्वतःकडे ओढलं.

"व्हय, व्हय," त्या म्हणाल्या. "तू खाली जाऊन पड."

नवऱ्याला सुट्टी गुरुवारी असते, मला रविवारी. म्हणजे रविवारी त्याची कंपनी चालू. तो संध्याकाळी घरी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, तूच निस्तर. तो आईसमोर बसला.

"आई, तिला फिट नाही आली."

"तुला कोण म्हणलं?"

"तीच म्हणते ना."

"तिला काय ठावं? फिट आल्याल्या माणसाला कधी कळतंय व्हय? आमच्या गल्लीतली ती, रोज पडायची अन् उठून म्हणायची, मी कुठं पडले. तू व्हतास का तिथं?"

"नव्हतो."

"मग?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. बारा तास लेथवर उभा राहून आलेल्या माणसाला यापुढे वकिली जमत नाही. मुलगी आकुर्डीच्या कॉलेजात शिकते. ती मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाली, "आजी म्हणते ते लॉजिकली बरोबर आहे. आई नाही म्हणणारच."

"तू गप्प बस."

"राहू दे ना गं महिनाभर. काय बिघडतंय?"

दुसऱ्या दिवसापासून घरात नवे कायदे लागले. मी गॅसपाशी जायचं नाही, कारण शेगडीवर पडले तर. पाण्याच्या टाकीवर वाकायचं नाही. स्कूटी चालवायची नाही. जिन्यात एकटीनं चढायचं-उतरायचं नाही. खारट आणि आंबट बंद, कारण त्यानं म्हणे डोक्यात गर्मी चढते. लोणच्याची बरणी आत्याबाईंनी आमच्याकडे असलेल्या त्यांच्या जुन्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. रात्री दहाला दिवा बंद, कारण जागरणानं फिट येते. उशीखाली कांदा.

यातलं निम्मं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. फरक एवढाच की त्यांनी सांगितलेलं मी शुक्रवारी ऐकलं आणि शनिवारी विसरले. आत्याबाई सांगत नव्हत्या, उभ्या राहून करून घेत होत्या.

आता माझ्या दिवसाचं सांगते, म्हणजे तुकड्यांची झोप म्हणजे काय ते कळेल. माझी पहिली शिफ्ट असली की कंपनीची बस पावणेसहाला नाक्यावर येते. त्याआधी तीन डबे, नवऱ्याची भाकरी, मुलीची पोळी, पाणी भरणं, कपडे मशीनला. म्हणून साडेतीनचा गजर. नवऱ्याची दुसरी शिफ्ट असली की तो रात्री साडेबाराला येतो, त्याला गरम वाढायचं म्हणून परत उठायचं. त्याला कुणी उठायला सांगितलेलं नाही. त्याला डाळ गरम करता येते. पण तो आवाज करतो, पातेलं चुकीचं घेतो, ओटा तसाच ठेवतो आणि ते मला अंथरुणात पडून ऐकवत नाही. मी उठते. सगळ्यांच्या वेळा माझ्या डोक्यात, सगळ्यांचे गजर माझ्या मोबाइलमध्ये. याला मी टेन्शन म्हणत नव्हते. याला मी घर चालवणं म्हणत होते.

पहिला आठवडा वाईट गेला. नवऱ्यानं आणि मुलीनं मिळून स्वयंपाक करायचा असं ठरलं, आणि मला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. आमटीत हळद इतकी की ती कुणाच्या लग्नातली वाटावी. भाकरी थापताना नवरा जीभ बाहेर काढतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी खुर्चीतून म्हणायची, "आच कमी कर," आणि आत्याबाई म्हणायच्या, "तू बोलू नको, तुला चढंल." काय चढेल ते त्या सांगायच्या नाहीत. पण चढायचंच. त्या आठवड्यात भाभीकडच्या यंत्रावर बीपी मोजलं तर आकडा होता तिथंच, एकदा तर वर. मी घाबरले, हे कबूल करते. डोळ्यांपुढे ते टेपचं टेबल आलं, सावलीतलं.

खालच्या मजल्यावरच्या भाभीचे मियाँ गाड्यांचे मेकॅनिक आहेत, त्यांना बीपीचा जुना त्रास. म्हणून यंत्र त्यांच्या घरी. मी जिना उतरून जायची, दारातच भाभीशी बोलायला लागायची, बोलता बोलता दंड पुढे करायची. भाभीनं दोनदा बघून घेतलं. तिसऱ्या वेळी म्हणाली (ती मला बाजी म्हणते, म्हणजे ताई), "बाजी, ऐसा नहीं होता. आधी बसायचं. पाच मिनिट. पाठ टेकून, पाय खाली, आणि तोंड बंद."

"तोंड बंद कशाला?"

"बोललं की वर जातं. मियाँना डॉक्टरनी सांगितलंय."

पाठ टेकणं जमलं, पाय जमले. पाच मिनिटं न बोलणं फार अवघड गेलं. मी गप्प बसले तर डोक्यात लगेच सुरू : डाळ संपत आली, मुलीची फी, गॅसचा नंबर लावायचा, त्या सहा फुट्यानं माझ्या गाडीचे फोर्क कुठं आपटले नसले म्हणजे मिळवली. भाभी यंत्राचं बटण दाबेपर्यंत मी मनात पिंपरीच्या बाजारात जाऊन भाजी घेऊन परत आलेली असायची. दंड एका जागी होता, बाकी मी कुठंच नव्हते. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि कळून मी अस्वस्थ झाले, कारण याला काय औषध ते माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. शनिवारी पहाटे माझा साडेतीनचा गजर नेहमीसारखा झाला. मी ठरवलं, आज गुपचूप उठायचं. आत्याबाई झोपेत आहेत तोवर डबे करून ठेवू, ती पिवळी आमटी आता पुरे. अंधारात ओट्यापाशी गेले, परात काढली. परात आणि ताट एकमेकांत अडकलेले होते, ताट निसटून फरशीवर पडलं. असा आवाज झाला की गल्लीतली कुत्री उठली.

आत्याबाई क्षणात हजर. त्यांना वाटलं मी पडले. दिवा लावायच्या आधी कांदा नाकाला लागला होता.

"कामून उठायलीस गं?" त्या म्हणाल्या. "कोण मेलंय व्हय?"

"डबे करायचेत."

"त्यांना हात हायेत न्हवं?"

"नीट करत नाहीत."

"नीट करत न्हाईत म्हणून कोण उपाशी राह्यलंय?" त्यांनी माझ्या खांद्याला धरून अंथरुणापर्यंत नेलं. "पड. मी हितंच बसते. तू उठलीस की मला दिसंल."

आणि त्या खरंच माझ्या उशाशी मांडी घालून बसल्या. मला राग असा आला की सांगता येत नाही. या वयात मला कोणी पहारा ठेवून झोपवावं. पहिल्या पाच मिनिटांत मी त्यांना मनातल्या मनात सगळं सुनावलं. त्यापुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते, ऊन भिंतीवर आलं होतं आणि कंपनीची बस केव्हाच चाकणला पोचली होती. आत्याबाई तिथंच भिंतीला टेकून झोपल्या होत्या, हातात कांदा.

घरात बाकी कोणी नव्हतं. डबे गेले होते. कुणी काय भरून नेलं होतं देव जाणे, पण नेलं होतं. ओटा पुसलेला होता. वाईट पुसला होता, पण पुसला होता.

मी कंपनीत फोन करून अर्धा दिवस सांगितला. सुपरवायझर म्हणाला, "ठीक आहे ताई." एवढंच. माझ्या नसण्यानं गोडाऊन थांबलं नव्हतं. दोन्हीकडे माझ्याशिवाय चाललं होतं हे पचायला मला सकाळचा दुसरा चहा हवा होता. तोही मिळाला नाही, कारण चहा एकदाच असा कायदा होता. आत्याबाई जाग्या झाल्या तेव्हा त्यांना म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही का झोपला नाहीत?"

"सवय हाय. मला कोणी पड म्हणलं न्हाई कधी," त्या म्हणाल्या आणि केस बांधून मिरच्यांकडे वळल्या.

त्या दिवसापासून मी वाद घालणं सोडलं. फिट आली नाही हे मी रोज एकदा सांगायची, म्हणजे खोटं बोलल्यासारखं होऊ नये. त्या रोज "व्हय व्हय" म्हणायच्या. मग मी झोपायची.

चालण्याचंही असंच झालं. मी एकटी बाहेर पडले तर रस्त्यात पडेन म्हणून संध्याकाळी भाभीनं माझ्याबरोबर जायचं असं आत्याबाईंनी तिला परस्पर सांगितलं. भाभीला सांधेदुखी, तिलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, तिलाही निमित्त मिळत नव्हतं. आम्ही भोसरीच्या तळ्याभोवती फेऱ्या मारायचो. पहिल्या दिवशी एका फेरीत दोघी बाकावर. हळूहळू बाक मागे पडले. भाभी चालताना सगळ्या गल्लीची बातमी द्यायची, मी हसायची. ईदला तिनं शीरखुर्मा आणला तेव्हा आत्याबाईंनी आधी विचारलं, "ह्यात मीठ हाय का?" भाभी म्हणाली, "अम्मा, दूध-शेवया आहेत." मग वाटीभर मला मिळाला. वाटी संपेपर्यंत त्या समोर उभ्या होत्या.

दुसरीकडे गाडीवरचा तो सहा फुट्या रोज काहीतरी बातमी आणायचा. "ताई, तुमच्या गाडीची बॅटरी मी चार्जिंगला लावत न्हाई, ती मलाच लावती." "ताई, वरच्या रॅकला तुमी पॅलेट लावता तसं सरळ लागत न्हाई बा माझ्याच्यानं." शेवटचं बोलला ते मला आवडलं. मी म्हटलं, "लावू नका जास्त सरळ. सवय लागेल सुपरवायझरला."

आणि आकडा उतरायला लागला. आधी थोडा, मग आणखी. मी भाभीच्या खुर्चीत गप्प बसायला शिकत होते. डोक्यात बाजार सुरू झाला की मी पायाच्या अंगठ्याकडे लक्ष द्यायची, तो फरशीवर टेकलाय ना एवढंच. भाभीच्या मियाँनी सांगितलेली युक्ती. यात अध्यात्म काही नाही. अंगठ्याकडे बघताना डाळीचा विचार करता येत नाही, इतकंच.

महिना भरला त्या शुक्रवारी परत तपासणी होती. निघताना आत्याबाईंनी माझ्या पर्समध्ये कांदा टाकला. मी काढला, त्यांनी परत टाकला. बस मोशीपुढे ट्राफिकमध्ये अडकली, कंपनीत पोचायला उशीर झाला. दारातच सुपरवायझर भेटला.

"ताई, तुमची कायमची बदली पॅकिंगला टाकून ठेवू का? कागद तयार आहे."

"डॉक्टरीणबाईंच्या आधी तुम्ही कोण?" मी म्हणाले आणि तशीच तणतणत आत गेले.

पट्टा लागला. आकडा परत दीडशेच्या जवळ.

डॉक्टरीणबाईंनी भुवया उचलल्या. महिनाभराची अळणी आमटी, तळ्याच्या फेऱ्या, उशीखालचा कांदा, सगळं त्या एका आकड्यात गेलं. "धावत आलात का?" त्यांनी विचारलं.

"भांडत आले."

"मग बसा. बोलू नका."

मी पाठ टेकली. पाय खाली. पर्स मांडीवर. बोलले नाही. बाहेरून हॉर्न ऐकू येत होता, माझ्याच गाडीचा, ओळखू येतो. त्याच्यामागे मन निघालंच होतं, मी त्याला अंगठ्यावर आणलं. एकदा निसटलं, परत आणलं. पर्समधून कांद्याचा वास येत होता. किती वेळ गेला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी पट्टा लावला, सोडला, आकडा वहीत उतरवला आणि पुन्हा एकदा मोजलं.

"आता ठीक आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा. घरचे आकडे दाखवा." मी दाखवले. "गोळी आत्ता नको. पण दर आठवड्याला मला येऊन दाखवायचं. आणि हे महिन्याचं काम नाही, पुढेही असंच राहायला हवं. एक विचारू? हा वास कसला?"

मी कांदा काढून टेबलावर ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. त्या माणसासारख्या हसल्या, डोळे पुसेपर्यंत. मग म्हणाल्या, "सासूबाईंना सांगा, खरी फिट आली तरी कांदा नको आणि चप्पल तर नकोच. माणसाला कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि दवाखान्यात न्यायचं. बाकी त्यांनी केलं ते सगळं बरोबर केलं." आणि कागदावर लिहिलं, फिट.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा तिघंही दारात.

"काय म्हणली डॉक्टरीण?" आत्याबाईंनी विचारलं.

"फिट आहे म्हणाल्या."

त्या मटकन खाली बसल्या. "म्हंजे अजून गेली न्हाई."

"आई," नवरा म्हणाला, "हे फिट म्हणजे चांगलं. धडधाकट."

"अन् ते फिट?"

"ते झटक्याचं."

"दोन्हीला एकच शब्द? असं कोण करतंय?"

मुलीनं मोबाइलवर दोन्ही अर्थ शोधून आजीला वाचून दाखवले. मोबाइल सांगतोय म्हटल्यावर आत्याबाईंचा विश्वास बसायला लागला. त्या माझ्याकडे वळल्या.

"म्हंजे तुला फिट आलीच नव्हती?"

"नाही."

"एकदाबी?"

"एकदाही नाही. रोज सांगत होते."

"मग महिनाभर मी हितं काय केलं?"

"माझं बीपी उतरवलं," मी म्हणाले. खरंच होतं ते.

त्यांनी विचार केला. "त्याला बी कांदाच लागतोय व्हय?"

"त्याला झोप लागते."

"ते तर मला ठावंच हाय," त्या म्हणाल्या आणि ट्रंकेची किल्ली कमरेला नीट खोचली. लोणचं काही बाहेर आलं नाही. गावी कधी जायचं हे विचारल्यावर म्हणाल्या, तिखट कांडून झालं की. मिरच्यांचे देठ केव्हाच निघाले होते, पण कांडपाच्या गिरणीत म्हणे या दिवसांत गर्दी असते. आम्ही कोणी गिरणीत चौकशी करायला गेलो नाही.

रात्री मी मोबाइलमधला साडेतीनचा गजर काढून टाकला. नुसता बंद केला असता तर परत लावला असता. पाचचा लावला. नवऱ्याला सांगितलं, तुझा गजर तुझ्या मोबाइलमध्ये. त्यानं तो कसा लावतात ते मुलीला विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठले. ओट्यापाशी नवरा भाकरी थापत होता, जीभ बाहेर. एका बाजूनं जळत होती. मी दिसलं ते बोलले नाही, तोंड धुतलं, माझा डबा उचलला आणि खाली उतरले. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मोशीपर्यंत झोपले. गोडाऊनमध्ये जाऊन गाडीचे ब्रेक पाहिले, फोर्क पाहिले, बॅटरी पाहिली, सीट पुढे घेतली, पार शेवटच्या खाचेपर्यंत, आणि हॉर्न वाजवला. तो सहा फुट्या बाजूला झाला.